नमुना

सकाळी साडेसहाला प्रयाग चिखलीच्या संगमावर
पहिली बाटली भरली.
तीनशे मिलीची, काचेची, बूच तिरकं कापलेलं.
तोंडाशी एकही बुडबुडा राहता कामा नये,
वरचा वारा आत शिरला
तर नदीचा नाही, घाटावरचा श्वास मोजला जाईल.

दोन औषधं, पिपेटनं, पाण्याच्या पोटात.
बूच लावून पंधरा वेळा उलटंसुलटं करायचं,
तान्ह्याची ढेकर काढावी तितक्या धीरानं.
मग थांबायचं.
गाळ गुळाच्या रंगाचा बसला
तर पाण्यात प्राणवायू आहे.
पांढरा बसला तर नाही.
शास्त्र एवढंच. बाकी सगळे रकाने.

चिखलीला बसला तो ताज्या ढेपेसारखा.
अमीनभाईंनी जीपच्या काचेतून बघितलं,
म्हणाले, "झ्याक!"

मग दिवसभर नदीच्या कडेनं खाली.
जयंती नाल्याशी नाकाला ओढणी.
इचलकरंजीत पुलाखालचं पाणी सांगत होतं
यंदा बाजारात कुठला रंग चालतोय.
पुढे उसाच्या ट्रॉल्या, एकीमागे एक,
त्यांच्या स्पीकरची गाणी आमच्या नोंदवहीत घुसलेली.
एका कारखान्याच्या फाटकावर हिरवा आकडा झळकत होता.
यंत्र चोवीस तास दिल्लीला कळवतं म्हणे, सगळं ठीक.
अमीनभाई हळूच म्हणाले,
"मॅडम, त्याची सोंड कुठल्या बादलीत बुडवलीय
ते बी मोजायला एक यंत्र बसवा की."

तेरवाडच्या बंधाऱ्यावर माणसं उभी होती,
बोलत कुणीच नव्हतं.
पाणी दिसत नव्हतं, नुसती पोटं.
मरळ, वाम, कटला,
आणि चिलापीसुद्धा, जी गटारातही संसार थाटते.
दोन पोरं पोत्यात मासे भरत होती.
मी ओरडले, विकू नका.
एकजण म्हणाला, "इकत न्हाई. पुरतोय."

हिंदुराव भोई काठावर उकिडवे बसलेले.
जाळं कोरडं, नीट घडी घातलेलं,
लग्नानंतर पेटीत ठेवलेल्या शालूसारखं.
मी बाटली बुडवली. बुडबुडा नाही.
दोन औषधं. पंधरा वेळा.
ते माझ्या हाताकडे बघत राहिले.

पांढरा.
स्वच्छ, दाणेदार, साखरेसारखा पांढरा,
हळूहळू तळाशी बसत गेला.

"चांगलं आलं न्हवं?" हिंदुरावांनी विचारलं,
"पांढरं हाय की."

सकाळची बाटली मी पेटीतून काढली,
त्यांच्या पुढ्यात दुसरीशेजारी ठेवली.
ही वरची, म्हटलं. आपलीच.
त्यांनी तांबूस बाटली उचलली,
उन्हात धरली, जराशी हलवली,
खाली ठेवताना
दोन्ही हातांनी ठेवली.

फॉर्मवर रंग, वास, तापमान, वेळ.
विरघळलेला प्राणवायू: ०.०
आमच्याकडे शून्यालाही एक दशांश स्थळ लागतं.
शेऱ्याचा रकाना दीड इंचाचा.
साहेबांनी रुजू झाल्या दिवशीच सांगितलेलं,
शेऱ्यात भावना नको, कोर्टात टिकत नाही.
नमुन्यावरून नोटीस, नोटिशीवरून सुनावणी,
सुनावणीवरून पुढची तारीख,
आणि कुठल्याशा यादीत नदीचा नंबर
एका पायरीनं वर किंवा खाली.

"नाव लिव्हा माझं," हिंदुराव म्हणाले.
कशात?
"त्या रकान्यात. मीबी नमुनाच की."

हसावं की नाही कळेना. अमीनभाई हसले.
पेन बर्फानं ओलं झालं होतं, आधी उमटेना.
बाटलीवर चिकटवायच्या चिठ्ठीवर
नमुना क्रमांक सात, तेरवाड, सायंकाळी पाच दहा,
आणि साक्षीदार म्हणून
हिंदुराव तातोबा भोई.
साक्षीदाराला मनाई कुठल्याच नियमात नाही,
रात्री परत जाताना मी जीपमध्ये दिव्याखाली
पुस्तिका दोनदा चाळून बघितली.

मागच्या पेटीत सात बाटल्या
एकमेकींवर आपटत होत्या.
शिरोली नाक्यापर्यंत आम्ही कुणीच
रेडिओ लावला नाही.